लुक्ल्याची चढती धांवपट्टी

धांवपट्टी म्हटली कीं ती सपाट असावयाची, अशी आपली समजूत असते. नेपाळांतील लुक्ला गांवची धांवपट्टी मात्र चढणीवर बांधिलेली आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें 2,800 मीटर उंचीवर, 1964 सालीं एडमंड हिलरी यांच्या पुढाकारानें ती तयार झाली. माती घट्ट बसेना, तेव्हां शेर्पा मंडळींनीं तीवर नाचून ती दडपली! डांबर पडलें तें 2001 सालीं.

लांबी अवघी 527 मीटर. वरच्या टोकास डोंगर, खालच्या टोकास खोल दरी. एवढ्या जागेंत विमान थांबतें कसें? दर शंभर मीटरांत ही पट्टी जवळजवळ 12 मीटर चढते. उतरणारें विमान चढाकडे धांवतें, म्हणून त्याचा वेग मंदावतो. निघणारें उताराकडे धांवतें, म्हणून त्यास वेग लवकर येतो. उंचावरील हवा विरळ असल्यामुळें उड्डाणास वेगही अधिक लागतो, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. मात्र उतरतांना ऐन वेळीं बेत बदलून पुन्हां वर जाण्याची सोय नाहीं. समोर डोंगर उभा! यास्तव दरींतून ढग चढूं लागले कीं उड्डाणें थांबवितात. खोळंबलेले प्रवासी कुरकुरतात खरे, परंतु आम्हांस वैमानिकाचेंच म्हणणें पटतें.