ओंजळीतले पाणी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीचा सप्ताह जवळ आला की घरोघरी गुरुचरित्राच्या पोथ्या सोवळ्यातून बाहेर निघतात. सप्ताहाच्या वाचनात सातवा अध्याय पहिल्याच दिवशी येतो. पहिल्या दिवशी उत्साह दांडगा असतो, वेगही असतो. पुढे नृसिंहसरस्वती स्वामी महाराजांच्या लीला ऐकायची ओढ असते. त्यामुळे 'गोकर्णमहिमा' एवढे लक्षात ठेवून आपण हा अध्याय ओलांडून जातो. माझेही अनेक वर्षे तसेच होत असे. पण मंदिरात वाचनाला बसू लागल्यावर लोक पोथी संपल्यावर थांबून बोलतात, आपल्या मनातले सांगतात. त्यात एक दुःख मला पुन्हा पुन्हा ऐकू येते : "महाराज, मी मुद्दाम काही केलं नाही हो. पण माझ्यामुळे सगळ्यांचं काम बिघडलं." या दुःखावरचे औषध मला सातव्या अध्यायात सापडले. ते आज वाचकांपुढे ठेवतो.

मित्रसह राजाची कथा

कथा आपल्याला ठाऊकच आहे, तरी थोडक्यात आठवू. इक्ष्वाकु वंशातला मित्रसह राजा शिकारीला गेला असता त्याच्या हातून एक राक्षस मारला गेला. त्या राक्षसाच्या भावाने सूड धरला. माणसाचे रूप घेऊन तो राजाकडे चाकरीला राहिला. राजाकडे श्राद्धाचा दिवस आला. गुरू वसिष्ठ ऋषी पानावर बसले, आणि त्या कपटी चाकराने अन्नात नरमांस मिसळले. वसिष्ठांनी ते ओळखले, संतापले आणि राजाला शाप दिला, "तू ब्रह्मराक्षस होशील."

आता राजाच्या जागी आपण बसून पाहू. पितरांचे कार्य, गुरूंचे पान, घरचे सगळे राबलेले. आणि सगळे एका क्षणात नासले! राजाला तर काही माहीतच नव्हते. त्याचा दोष एवढाच, की चाकर ठेवताना पुरती चौकशी केली नाही, विश्वास टाकला. तेवढा दोष आहे, नाही असे नाही. पण नरमांस त्याने वाढले नव्हते.

राजालाही राग आला. 'निरपराध माणसाला शाप?' म्हणून त्याने ओंजळीत पाणी घेतले आणि तो गुरूंना उलट शाप द्यायला निघाला. राणी मदयंतीने त्याला अडवले. गुरूला शाप देऊ नये, हे तिने समजावले. राजा थांबला. पण मंतरलेले पाणी टाकायचे कुठे? त्याने ते आपल्याच पायांवर टाकले. पायांना कल्मष लागले आणि त्याचे नाव पडले कल्मषपाद.

मला या कथेत शापापेक्षा ते ओंजळीतले पाणी मोठे वाटते. सर्वांचे मिळून केलेले काम मोडते तेव्हा आपल्या प्रत्येकाच्या ओंजळीत असे पाणी असते. काही जण ते दुसऱ्यावर फेकतात : "त्याने सांगितलं म्हणून झालं", "अध्यक्षांनी बघायला नको होतं का?" ज्यांचा स्वभाव सरळ आहे, ते दुसऱ्यावर फेकत नाहीत. ते स्वतःच्या पायांवर ओततात. आणि पाय भाजले की माणूस चालायचा थांबतो. देवळाची पायरी चढत नाही, सभेला येत नाही, चार माणसांत बसत नाही.

एका शेडची गोष्ट

असे एक गृहस्थ मी जवळून पाहिले. निवृत्त प्राथमिक शिक्षक, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. एका गावच्या दत्तमंदिराने पौर्णिमेच्या अन्नदानासाठी पत्र्याची मोठी शेड बांधायचे ठरवले. शेजारच्या एका वृद्ध भाविकाने आपल्या जमिनीतला तुकडा देवाला देतो म्हणून सांगितले. स्टॅम्पपेपर झाला, त्यावर सह्या झाल्या, दोन साक्षीदारही झाले. कागदपत्रांचे काम गुरुजींकडे होते. "कागद झाला आहे, आता सुरू करायला हरकत नाही," असे त्यांनी बैठकीत सांगितले. वर्गणी जमली. कुणी पाच हजार दिले, कुणी भाजीच्या गल्ल्यातून पन्नास रुपये दिले. जोते भरून झाले, खांबांचे गज उभे राहिले. आणि दाते वारले.

पुढे वारसांनी हरकत घेतली, तेव्हा कळले की बक्षीसपत्राची दुय्यम निबंधकाकडे नोंदणीच झालेली नव्हती. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, कारण पुष्कळ देवस्थानांत ही चूक होते. जमीन किंवा घर बक्षीस द्यायचे तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे बक्षीसपत्राची नोंदणी व्हावीच लागते. नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या सह्यांनी जमीन देवाच्या नावावर होत नाही, मग देणाऱ्याची भावना कितीही शुद्ध असो.

काम थांबले. जोत्यावर गवत उगवले, गज गंजू लागले. गुरुजींना कुणी एक शब्द बोलले नाही. पण त्यांनी गुरुवारी येणे सोडले. मी घरी गेलो तर म्हणाले, "त्या भाजीवाल्या मावशींनी पन्नास रुपये दिलेत हो. त्यांना काय तोंड दाखवू?"

सोळा आण्यांचा हिशेब

त्या दिवशी आम्ही गीतेचा अठरावा अध्याय उघडला. चौदाव्या श्लोकात भगवंतांनी कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. अधिष्ठानाचा अर्थ आचार्यांनी शरीर असा केला आहे. आपण व्यवहारापुरता 'ज्याच्या आधारावर काम उभे राहते ते' असा घेऊ. पुढे सोळाव्या श्लोकात सांगितले आहे की, असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. आपण हा उपदेश यशासाठी लावतो, 'मी केले' असा अहंकार नको म्हणून. पण तो अपयशालाही तितकाच लागू आहे. 'सगळे माझ्यामुळेच बुडाले' हाही कर्तेपणाचाच अहंकार, फक्त रडका!

मी गुरुजींना म्हटले, "तुम्ही आयुष्यभर मुलांना हिशेब शिकवलात. आता हा सोळा आण्यांचा हिशेब मांडा. जमीन देणाऱ्यांनी कागद नोंदवायचे 'करू सावकाश' म्हणून लांबणीवर टाकले, त्याचे किती? समितीत अकरा जण, एकानेही 'नोंदणी झाली का?' असे विचारले नाही, त्याचे किती? वारसांना कुणी आधी जाऊन भेटले नाही, त्याचे किती? दाते नोंदणीआधीच गेले, ते दैवाचे किती?" गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तरी दोन आणे माझेच." मी म्हटले, "बरोबर. दोन आणे तुमचेच. ते मी माफ करणारा कोण? पण चौदा आण्यांचे ओझे कशाला वाहता? ते दुसऱ्यांचे आहे, आणि काही तर देवाचे आहे."

सुज्ञ वाचकहो, येथे दोन्ही बाजूंनी चूक होते. घरचे लोक प्रेमाने म्हणतात, "तुमचं काहीच चुकलं नाही." दुखावलेल्या माणसाला ते पटत नाही, कारण ते खरे नसते, आणि खोट्या सांत्वनाने मन अधिकच एकटे पडते. उलट माणूस स्वतः म्हणतो, "सगळं माझंच चुकलं." तेही खरे नसते. आपला खरा वाटा किती, तो ठरवावा आणि तेवढा चुकता करावा. जेवढे देणे असते तेवढेच फेडता येते. सोळा आणे अंगावर घेणारा माणूस बहुधा दोन आणेही फेडत नाही, तो नुसता झुरत राहतो.

अजाणता घडलेला दोष

आपल्या धर्मशास्त्राने जाणूनबुजून केलेले आणि अजाणता घडलेले यांत नेहमीच फरक केला आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात दोन्हींची प्रायश्चित्ते वेगळी आहेत, अजाणता घडलेल्याचे सौम्य आहे. पण सौम्य म्हणजे शून्य नव्हे, हेही पाहावे. प्रायश्चित्त म्हणजे स्वतःला शिक्षा करणे असे आपण समजतो. खरे तर ती पुन्हा उभे राहण्याची रीत आहे, आणि तिला शेवट असतो. राजालाही शाप होता तो बारा वर्षांचा, जन्माचा नव्हता. आपण मात्र स्वतःला जो शाप देतो त्याला मुदतच ठेवत नाही.

शाप संपल्यावरही मित्रसहाची पीडा संपली नव्हती. राक्षसयोनीत असताना एक ब्राह्मण त्याने भक्षण केला होता. ती हत्या त्याच्या पाठीस लागली, तो तीर्थे फिरत राहिला. सुटका झाली ती गौतम ऋषी भेटल्यावर. राजाने त्यांना सगळे सांगितले. लपवले नाही, कमी केले नाही, वाढवलेही नाही. योग्य माणसाजवळ एकदा सगळे बोलणे हे पहिले पाऊल.

आणि पोथीचा क्रम बघा. लगेच पुढच्या आठव्या अध्यायात एक दुःखी माता आपल्या मुलाला घेऊन नदीत जीव द्यायला निघते, आणि श्रीपादश्रीवल्लभ तिला अडवतात. जीव देऊन काही फिटत नाही, हे महाराजांनी तिला समजावले. ज्यांच्या मनात तसा विचार कधी डोकावला असेल त्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा, आणि त्याच दिवशी घरच्या माणसाशी बोलावे, डॉक्टरांकडेही जावे. गुरू माणसाच्या रूपाने अडवायला येतो.

गुरुजींनी काय केले ते सांगतो. पुढच्या पौर्णिमेला आरतीनंतर ते उभे राहिले आणि चारच वाक्ये बोलले : कागद नोंदलेला नव्हता, मी तपासायला हवे होते, तपासले नाही, मला वाईट वाटते. मग त्यांनी वर्गणीचा पैन्‌पैचा हिशेब लिहून मंदिराच्या फलकावर लावला. ज्यांना पैसे परत हवे होते त्यांना समितीने शिलकेतून दिले. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "राहू दे देवाकडंच." वारसांकडे जाणे-येणे सुरू झाले. शेड अजून झालेली नाही आणि होईलच असे मी सांगू शकत नाही. पण देवस्थानाचा प्रत्येक कागद आता गुरुजी तपासतात, आणि नोंदणीशिवाय पुढचे पाऊल टाकू देत नाहीत. त्यांचे दोन आणे असे फिटत आहेत.

मदयंतीचे काम

एक शब्द आजूबाजूच्या माणसांसाठी. मदयंतीने राजाला गुरूंवर पाणी टाकू दिले नाही, हे फार मोठे काम केले. पण पायांवर पडणारे पाणी अडवायला कुणीच नव्हते. ते काम आपले आहे. आपल्या मंडळात एखादा माणूस अचानक यायचा बंद झाला, तर "हल्ली दिसत नाहीत" एवढे म्हणून थांबू नये. घरी जावे. त्याचा दोष उगाळू नये, झाकूही नये. "गुरुवारी या, तुमचं आसन तिथंच आहे," एवढे सांगावे. आणि जमले तर लहानसे काम द्यावे, निरांजनाच्या वाती वळायचे का असेना. चूक झालेल्या माणसाला कामाचा आधार फार वाटतो.

अजाणता घडलेले पुण्य

गौतमांनी राजाला गोकर्णाचे माहात्म्य सांगताना एका आंधळ्या, रोगी भिकारणीची गोष्ट सांगितली. शिवरात्रीला यात्रेकरूंबरोबर ती गोकर्णाला आली. भीक मागताना कुणी तिच्या हातावर बेलाची पाने ठेवली. खाण्याजोगी नाहीत म्हणून तिने ती रागाने फेकली, आणि ती शिवलिंगावर पडली. अन्न मिळाले नाही म्हणून उपास घडला, भुकेने झोप लागली नाही म्हणून जागरण घडले. तिला काहीच माहीत नव्हते, तरी शिवदूत विमान घेऊन आले.

एकाच अध्यायात दोन्ही आहे : राजाच्या हातून अजाणता घडलेला दोष आणि भिकारणीच्या हातून अजाणता घडलेली पूजा. आपण अजाणता घडलेल्या दोषाचा हिशेब रात्र रात्र जागून करतो. पण आपल्या हातून न कळत कितीतरी बरेही घडले असेल. कुणाला पाणी दिले असेल, कुणाला रस्ता दाखवला असेल, एखाद्याच्या पडत्या काळात सहज एक शब्द बोललो असू. त्याचा हिशेब आपण ठेवत नाही, महाराज ठेवतात. ज्याच्याकडे वहीची दोन्ही पाने आहेत, शेवटची बेरीज त्यालाच करू द्यावी.

म्हणून तर पूजा झाली की आपण क्षमा मागतो, काही कमीजास्त झाले असेल म्हणून. टेंबे स्वामी महाराजांची करुणात्रिपदी म्हणताना सगळे मंदिर एका सुरात अपराधांची क्षमा मागते. कुणाचा अपराध किती, हे तेव्हा कुणी विचारत नाही. जोत्यावर गवत उगवलेला माणूसही त्याच सुरात असतो, शेजारी बसलेला निर्धास्त माणूसही.

यंदा मार्गशीर्ष पौर्णिमेला पाळणा झाल्यावर, ज्यांच्या ओंजळीत असे जुने पाणी असेल त्यांनी ते कुणावर फेकू नये, स्वतःच्या पायांवरही ओतू नये. महाराजांच्या पादुकांवर सोडावे, नमस्कार करावा, आणि आपल्या वाट्याचे दोन आणे फेडायला दुसऱ्या दिवशी सकाळी उठावे.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥