तिसऱ्यांदा ‘नीट’ देण्याआधी

नीटचा निकाल लागला की सोलापूर, बार्शी, पंढरपूरहून पालकांचे तेच फोन सुरू होतात. “सर, रिपीट करू द्यावं का? लातूरला ठेवावं का?” एकदा रिपीट करायला माझी हरकत नाही. तिसऱ्यांदाचा हट्ट बहुतेक घरांत आई-बाबांचा असतो आणि तो मुलाला पोखरतो. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुलं परीक्षेला बसली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखही नव्हत्या. फार्मसी, नर्सिंग, डीएमएलटी तुम्हाला ठाऊक आहेच. मला सांगायचंय ते जीवरसायनशास्त्राबद्दल.

त्यात काय शिकतात याचं एक उदाहरण देतो. आपल्याकडे पानटपरीवर सुपारी, तंबाखू, चुना घासून मावा करतात. तो खाऊन खाऊन काहींचं तोंडच उघडेनासं होतं. जिथे तीन बोटं उभी जायला हवीत तिथे एकही जात नाही. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच या आजाराची नोंद केली होती. पेशींभोवती कोलॅजनच्या तंतूंची जाळी असते. जुने तंतू तोडायचं काम मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज नावाची एन्झाइम करतात. त्यांच्या गाभ्यात जस्त असतं. सुपारीमुळे नवे तंतू वाढत जातात, तोडणं मंदावतं आणि गाल आतून आवळतो. गुडघ्याच्या संधिवातात उलटं होतं : तोडणं वाढतं, कूर्चा झिजते. कॅन्सरच्या पेशीही याच एन्झाइमच्या जोरावर शरीरात पसरतात.

यातलं पहिलं एन्झाइम १९६२ मध्ये सापडलं, बेडकाच्या पिल्लाची शेपटी विरते कशी हे शोधताना. नव्वदच्या दशकात ही एन्झाइम रोखणारी औषधं कॅन्सरवर वापरून पाहिली. रुग्णांचे सांधे दुखू लागले, आयुष्य वाढलं नाही. कारण यातली काही एन्झाइम शरीराचं रक्षणही करतात. नेमकं कुठलं, कधी रोखायचं, हे काम अजून बाकी आहे.

त्यासाठी एमबीबीएसच लागतं असं नाही. सोलापुरात बी.एस्सी. करून एम.एस्सी.साठीची ‘जॅम’ परीक्षा देता येते किंवा बारावीनंतर थेट ‘आयसर’ या केंद्राच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा. पीएच.डी.ला पुण्यात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे, खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक. नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात. बारावीनंतर दहा वर्षं मात्र जातात, आणि झटपट नोकरी हवी असेल तर इकडे येऊच नका.

आयसरच्या परीक्षेला बारावी कोणत्या वर्षी झाली याची अट असते. रिपीटचे पैसे भरण्याआधी ती वाचा, आणि मुलाला काय हवंय ते त्याला एकट्याला बोलू द्या.