उष्णतेचे नियम आणि पाळक स्टर्लिंग यांचे यंत्र

उष्णतेपासून शक्ती कशी निघते, आणि जेवढी उष्णता खर्च करावी तेवढी शक्ती का निघत नाही, हा विषय आम्ही आजच्या पाठाकरिता घेतला आहे. मंडळीच्या पत्रात यंत्रांची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. कारण असे की, आमच्या उपदेशक बंधूंच्या हाती कित्येक पुस्तिका येतात. त्यांत ‘उष्णतेच्या दुसऱ्या नियमा’चा दाखला देऊन सृष्टीच्या उत्पत्तीविषयी वाद घातलेला असतो, आणि तो नियम न समजताच सभेत बोलून दाखविण्यात येतो. मग शाळेत विज्ञान शिकलेला एखादा मुलगा उठून प्रश्न विचारतो, उपदेशकास उत्तर सुचत नाही, आणि हसे मात्र शुभवर्तमानाचे होते. तेव्हा नियम काय आहे, हे आधी पाहू.

उष्णतेच्या अंगी बळ आहे हे खेड्यातील माणसास सांगावयास नको. लोहार चाकाची धाव तापवितो तेव्हा ती फैलावते. मग चाकावर चढवून वर पाणी ओतले की अशी आवळते की लाकूड करकरते. उलटपक्षी, श्रमापासून उष्णता उत्पन्न होते हेही आपण पाहतोच. वंगण न घातलेला गाडीचा आख तापतो. सायकलीत हवा भरताना पंप गरम लागतो. या दोहोंचा हिशेब बसविण्याचे मोठे श्रेय इंग्लंडातील सॅलफर्ड येथे जन्मलेल्या जेम्स जूल यांस आहे. त्यांच्या घराण्याचा धंदा बिअर गाळण्याचा होता. त्याची शिफारस आम्ही करीत नाही, परंतु त्या धंद्याने त्यांस उष्णता बारकाईने मोजण्याची सवय लावली असावी. १८४५ च्या सुमारास त्यांनी पाण्याने भरलेल्या भांड्यात वल्ह्यांसारखी पाती बसविली, व खाली उतरणाऱ्या वजनाच्या ओढीने ती फिरविली. पाणी किंचित तापले. अशा प्रयोगांवरून जो हिशेब निघाला तो आजच्या मापाने असा: एक किलो पाणी एका अंशाने तापविणे म्हणजे ४२७ किलो वजन एक मीटर उंच उचलण्याइतके काम होय. क्विंटलाची सव्वाचार पोती छातीपर्यंत उचलावी, तेव्हा लिटरभर पाणी एक अंश तापेल! स्नानाचे पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास सुमारे ९६० पोत्यांचे श्रम लागतात. आमच्या भगिनी चुलीत घालतात त्या चार काटक्यांत केवढे बळ साठविलेले आहे, हे यावरून कळेल. श्रमाची उष्णता होते, उष्णतेचे श्रम होतात, आणि एकंदर बेरजेत तूट किंवा वाढ होत नाही. हा उष्णतेचा पहिला नियम.

तर मग विहिरीच्या पाण्यातही उष्णता आहे. तीच काढून तिने पंप का चालवू नये? पहिला नियम याला आडवा येत नाही. आडवा येतो तो दुसरा. त्याचे मूळ फ्रान्सच्या सादी कार्नो नामक तरुण लष्करी इंजिनिअराने १८२४ साली पॅरिस येथे छापलेल्या एका लहानशा पुस्तकात आहे. उष्णता हा न आटणारा एक द्रव आहे अशी त्या काळची चुकीची समजूत कार्नोचीही होती, तरी मुख्य मुद्दा त्यास अचूक सापडला. पाटाचे पाणी उंचावरून सखलात पडते तेव्हाच चाक फिरते. दोन्हीकडे पातळी सारखी असली तर तळे भरलेले असूनही चाक जागचे हलत नाही. तद्वत उष्णता तापलेल्या जागेतून थंड जागेत जाते तेव्हाच तिच्यापासून काम घेता येते, आणि थंड जागेस तिचा वाटा द्यावाच लागतो. कार्नो १८३२ साली अवघ्या छत्तिसाव्या वर्षी पटकीने वारला, व त्याच्या पुस्तकाकडे त्याच्या हयातीत फारसे कोणी पाहिले नाही.

हा वाटा किती, याचेही गणित आहे. थंडीचा अगदी तळ शून्याखाली २७३ अंशांवर आहे. तेथून मोजू लागल्यास उकळत्या पाण्याची वाफ ३७३ अंशांवर व आपल्या उन्हाळ्यातील पाणी ३०३ अंशांवर येते. मधला उतार ७० अंशांचा. ७० ला ३७३ ने भागिले असता शंभरी एकोणीस भागही येत नाहीत. म्हणजे या दोहोंच्या मध्ये चालणारे यंत्र देवदूतांनी घडविले तरी एक्क्याऐंशी भाग थंड पाण्याकडे जाणारच. विहिरीवरील डिझेल इंजिन याहून पुष्कळ अधिक उष्णतेवर चालते, म्हणून त्यास इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे तिसरा हिस्सा कामी लावता येतो. बाकीची तापलेल्या धुरावाटे व थंडाव्याच्या पाण्यावाटे निघून जाते. म्हणून इंधनावाचून अखंड चालणारे इंजिन दाखवून जो कोणी आगाऊ पैसे मागेल, त्यास आमच्या वाचकांनी खुशाल नमस्कार करून वाटेस लावावे.

परंतु जो वाटा व्यर्थ जातो त्यातील वाचण्याजोगा भाग वाचविण्याची खटपट एका पाळकाने केली. रेव्ह. रॉबर्ट स्टर्लिंग यांचा जन्म स्कॉटलंडात पर्थशायर प्रांती १७९० साली झाला. १८१६ साली त्यांस किलमार्नक येथील मंडळीची दीक्षा मिळाली, आणि त्याच वर्षी त्यांनी एका नव्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याच्या नावातच इंधनाचा खर्च कमी करण्याचा उद्देश लिहिलेला आहे. त्या काळी वाफेची बाष्पपात्रे वारंवार फुटत व मजूर होरपळून मरत. स्टर्लिंग यांच्या यंत्रात वाफ नाही. कोंडलेली हवा आहे. नळकांड्याचे एक टोक विस्तवावर, दुसरे थंड. आतील हवा आळीपाळीने तापलेल्या टोकाकडे व थंड टोकाकडे ढकलली जाते; तापली की फुगून दट्ट्या लोटते, निवली की आकसते. खरी युक्ती मधल्या वाटेत आहे. तेथे धातूचे पातळ पत्रे किंवा तारा असतात. गरम हवा थंड टोकाकडे जाताना आपली पुष्कळशी ऊब त्यांत ठेवून जाते, व परत येताना ती उचलून घेते. जसा माणूस उबदार घरात शिरताना घोंगडी खुंटीस अडकवितो व बाहेर पडताना पुन्हा अंगावर घेतो. चुलीच्या वैलावर पाणी ठेवणारी गृहिणी याच काटकसरीची आहे.

१८१८ साली असे एक यंत्र एअरशायरमधील दगडाच्या खाणीतून पाणी उपसू लागले. पुढे १८४३ साली त्यांचे बंधू जेम्स यांनी डंडी येथील ओतशाळेत मोठे यंत्र बसविले. ते काही वर्षे चालले, परंतु विस्तवावरचे लोखंडी बूड पुनःपुन्हा जळून फुटू लागले. शेवटी ते काढून पुन्हा वाफेचे यंत्र आणावे लागले. अधिक काम हवे तर अधिक तापवावे लागते, आणि तितके तापणे सोशील असे लोखंड त्या काळी नव्हते. स्टर्लिंग पाळकाचे काम सोडून कारखान्यात गेले नाहीत. १८२४ पासून पन्नासांहून अधिक वर्षे ते गॅल्स्टन येथील मंडळीतच राहिले, व १८७८ साली प्रभूमध्ये निजले. पुढे चांगले पोलाद मिळू लागले. विसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनने आपल्या पाणबुड्यांत याच तत्त्वाची इंजिने घातली.

त्यांच्या यंत्राचा एक नमुना ग्लासगो विद्यापीठात धूळ खात पडला होता. विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांनी तो साफ करून चालविला, व त्यावर विद्यार्थ्यांस शिकविले. जर्मनीतील क्लाउझियस यांनी १८५० साली व थॉमसन यांनी लगोलग दुसरा नियम स्पष्ट मांडिला: उष्णता आपण होऊन थंडाकडून गरमाकडे जात नाही, आणि जगातील कामी येण्याजोगा उतार एकसारखा कमी होत आहे. थॉमसन भाविक होते. आकाश व पृथ्वी वस्त्रासारखी जीर्ण होतील, या १०२ व्या स्तोत्रातील वचनाची त्यांस १८५१ च्या एका टिपणात आठवण झाली होती.

आता त्या पुस्तिकांविषयी. त्यांत म्हटलेले असते की, सर्व काही विस्कटत जाते असा नियम असल्यामुळे साध्या जीवापासून उच्च जीव निपजणे अशक्य आहे. हा दाखला वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या ठिकाणी बाहेरून काहीच येत नाही, त्या संपूर्ण बंदिस्त ठिकाणी हा उतार घटत जातो. पृथ्वी तशी बंदिस्त नाही. तिच्यावर सूर्याचा विस्तव अहोरात्र पडत आहे व तिची ऊब थंड आकाशात जात आहे. तसे नसते तर ज्वारीचा दाणाही कणसापर्यंत गेला नसता. उत्पत्तीविषयीचा विश्वास आम्ही पवित्र शास्त्रावरून धरितो. त्याला इंजिनाच्या नियमाची टेकू लावण्याची गरज नाही.

स्वतः थॉमसन यांची गत पाहा. पृथ्वी तापलेल्या गोळ्यासारखी निवत आली असे धरून त्यांनी १८६२ साली तिचे वय दोन कोटींपासून चाळीस कोटी वर्षांपर्यंत ठरविले, व त्या बळावर भूगर्भशास्त्र्यांशी पुष्कळ वाद केला. नियम खरा होता. पण १८९६ साली किरणोत्सर्गाचा शोध लागला, आणि पृथ्वीच्या पोटात उष्णतेचा आणखी एक झरा आहे हे पुढे कळले. पृथ्वीचे वय आता सुमारे ४५४ कोटी वर्षे धरितात. सूर्याचा साठाही अजून सुमारे पाचशे कोटी वर्षे पुरेल असा हिशेब आहे.