बांबूतोड आणि कोपराचे दुखणे
गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांत धानाची कापणी आटोपते तोच अनेक गावांतील मजूर बांबूतोडीस जातात. अशा वेळी काहींच्या कोपराच्या बाहेरच्या हाडाशी ठणका लागतो. बादली उचलताना किंवा कपडा पिळताना कळ येते. डॉक्टर यास ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. सचिन तेंडुलकर यांस २००४ साली हाच विकार जडला व २००५ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. तथापि बहुतेक रोग्यांनी रॅकेट कधी हाती धरलेली नसते.

मनगट वर उचलणारे स्नायू ज्या कंडरेने कोपरास जोडलेले असतात, ती कंडरा मूठ आवळून वारंवार घाव घातल्याने झिजते. पाते बोथट असल्यास जोर अधिक लागतो. दांडा फार बारीक असल्यास मूठ अधिक आवळावी लागते. म्हणून प्रथम धार लावावी व दांड्यास सायकलची जुनी ट्यूब गुंडाळावी. भारा उचलताना तळहात वर असावा.

हात महिनाभर गळ्यात बांधून ठेवू नये. दुखणारे काम काही आठवडे कमी करावे. हात बाजेवर टेकवून पंजा काठाबाहेर, तळहात खाली ठेवावा. अर्धा लिटर पाण्याची बाटली धरून दुसऱ्या हाताने पंजा वर न्यावा व सावकाश खाली सोडावा. असे दहा-पंधरा वेळा रोज करावे. गुण यावयास दोन-तीन महिने लागतात.

मजुरी बुडते म्हणून माणूस सुईकडे धावतो, हे स्वाभाविक आहे. परंतु स्टेरॉइडच्या सुईचा आराम काही आठवड्यांपुरता असून पुढे दुखणे उलटण्याचा संभव वाढतो. ग्रामसेवकाने रागे न भरता हे समजावून द्यावे. बोटांस मुंग्या येत असल्यास, कोपर सुजून लाल झाल्यास किंवा ताप असल्यास मात्र रोग्यास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.