पाठीतलं पाणी काढलं तर पोर लुळं पडतं का?

वॉर्डात सिस्टर होते तेव्हा हे वाक्य कितीदा ऐकलं असेल, "काय पण करा, पण पाठीतलं पाणी काढू नका." एका आजीने सहीचा कागदच परत केला. दोन दिवस वाया गेले. नातू वाचला, पण त्याला एका कानाने ऐकू येईना.

मेंदू सुमारे १४०० ग्रॅमचा मऊ गोळा. बाहेर कवटी, आत तीन पडदे. आतल्या दोन पडद्यांमध्ये पाणी असतं आणि मेंदू त्यात तरंगतो. भरलेली कळशी विहिरीच्या पाण्यात असेपर्यंत हलकी लागते ना, तसंच. मेंदूचा भार जेमतेम ५० ग्रॅम उरतो. म्हणून रोजच्या धावपळीत, धक्क्यांत तो कवटीवर आपटत नाही. (गाडीवरून पडल्यावर मात्र हे पाणी पुरत नाही, हेल्मेट घालाच.)

हेच पाणी कण्यातून कमरेपर्यंत उतरतं. मोठ्या माणसात ते एका वेळी दीडशे मिलिलिटर असतं, आणि शरीर दिवसाला अर्धा लिटर नवं बनवतं. तपासणीला लागतात थोडे मिलिलिटर, तेवढं काही तासांत भरून येतं. सुई कमरेच्या खालच्या भागात घालतात. मुख्य मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. मूल लुळं पडतं ते बहुतेक वेळा आजाराने, आणि दोष येतो सुईवर.

ताप, उलट्या, मान आखडणं, सुस्ती, झटके. तान्ह्या बाळाची टाळू फुगणं, दूध न ओढणं. असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. टीबीचा मेंदूज्वर फसवा असतो. दोन-तीन आठवडे पोर नुसतं किरकिरतं, जेवत नाही. मग नजर लागली म्हणतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही मी मीठ-मिरची ओवाळताना पाहिली आहे! जंतू टीबीचा की दुसरा, हे ठरवायला ते पाणी तपासावं लागतं, कारण दोन्हींची औषधं वेगळी. जन्मल्यावर दिलेली बीसीजीची लस लहान मुलांना या टीबीपासून बरंच संरक्षण देते, बाळाचं कार्ड काढून बघा.

मेंदूवर दाब वाढल्याची शंका असली तर डॉक्टर आधी सीटी स्कॅन करायला सांगतात, तेवढं थांबावं लागतं. पाणी काढल्यावर काहींचं डोकं एक-दोन दिवस दुखतं, उठून बसलं की जास्त. तसं झालं तर सिस्टरला सांगा.