भांडवलाआधी ओळख करून द्या

"मॅडम, प्लेसमेंटला बसणार नाही म्हणतोय. तुम्हीच जरा समजवा." इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपत आलं की मला तुम्हा पालकांचे असे फोन येऊ लागतात. फोनवर धड बोलणं होत नाही, म्हणून आज तुमच्याशी सविस्तर बोलते.

तुमची धास्ती मला कळते. 1972 साली पिंपरी-चिंचवडचं नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, ते या औद्योगिक पट्ट्यातल्या कामगारांना परवडणारं घर मिळावं म्हणून. निगडीतली कितीतरी घरं एकाच पगारावर उभी राहिली. टेल्कोत किंवा बजाजमध्ये पर्मनंट झालं की माणूस मार्गी लागला असं समजायचे. तीन पाळ्या करून, पोटाला चिमटा काढून तुम्ही इंजिनिअरिंगची फी भरलीत आणि आता पोरगं म्हणतं, मला स्टार्टअप करायचंय. काळजात धस्स होणारच.

पण आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. उद्योजकता शिकायची म्हणजे शिक्षण सोडायचं, असं आता राहिलेलं नाही. राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण 2019 मध्ये आलं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या जागी विद्यार्थ्याचा स्टार्टअप ग्राह्य धरावा, त्याला क्रेडिट द्यावेत, गरज पडल्यास सेमिस्टर किंवा वर्षाची सुट्टी घेऊन पुन्हा वर्गात येऊ द्यावं, असं ते धोरण महाविद्यालयांना सांगतं. तुमच्या मुलाच्या कॉलेजने यातलं काय स्वीकारलंय, हे पालक म्हणून जाऊन विचारा. कॉलेजची जागा आणि सोयी वापरल्या तर कंपनीत कॉलेजचा हिस्सा किती, हेही विचारा. ते सुरुवातीलाच कागदावर आलेलं बरं.

खरी मेख वेगळीच आहे. मुलांना तंत्रज्ञान येतं, अडचण कोणाची सोडवायची ते ठाऊक नसतं. पुण्याच्या काटकर बंधूंचं उदाहरण मी वर्गात नेहमी देते. कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे संगणक दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला आलेल्या संगणकांत व्हायरस सापडायचे. धाकटे संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते; त्यांनी ते व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहायला सुरुवात केली. त्यातूनच अँटिव्हायरस बनवणारी क्विक हील कंपनी उभी राहिली आणि 2016 साली शेअर बाजारात आली. संजय हुशार होते यात शंका नाही. पण गिऱ्हाइकाची अडचण रोज दुकानात चालत येत होती, आणि ती कॉलेजात शिकणाऱ्या भावापर्यंत पोचत होती, हे मला त्याहून मोलाचं वाटतं.

आता आपल्याकडे बघा. भोसरी, तळवडे, चाकण इथल्या छोट्या वर्कशॉपमध्ये अडचणींचा तुटवडा नाही. माझ्याकडच्या काही मुलांनी एका जॉबवर्कवाल्यासाठी मशीन किती वेळ बंद राहतं ते नोंदवणारं मोबाइल ॲप केलं होतं. कॉलेजात सगळ्यांनी वाखाणलं. वर्कशॉपमध्ये व्हीएमसीवरच्या ऑपरेटरने नुसते हात पुढे केले. कूलंट आणि ऑइलने माखलेले. म्हणाला, "या हातांनी मोबाइल कसा धरू? आणि बंद का पडलं ते लिहीत बसलो तर सेटिंग कोण करणार?" मुलं परत आली ती गप्पच. मग त्यांनी ॲप बाजूला ठेवलं आणि मशीनच्या अंगाला तीन मोठी बटणं बसवली: टूल तुटलं, मटेरियल नाही, लाइट गेली. तीनच. कोपराने दाबली तरी चालतील अशी. मालकाने पहिल्यांदा "किती घेणार?" असं विचारलं ते तेव्हा. माझ्या चार लेक्चरांत जे पोचलं नसतं, ते त्या ऑपरेटरने दोन वाक्यांत पोचवलं.

म्हणून तुम्हाला मनापासून सांगते, मुलाला आधी पैसे देऊ नका, ओळख द्या. तुमच्यापैकी कोणी मेंटेनन्सला आहे, कोणी क्वालिटीत, कोणी स्टोअरला. कोणाच्या भावाचं दोन सीएनसीचं शेड आहे. रिजेक्शन कुठे होतं, कोणता गेज सारखा दगा देतो, कोणतं काम रोज तासभर खातं, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. "मला त्या कॉम्प्युटरमधलं काय कळतंय" असं म्हणून तुम्ही बाजूला होता, तेव्हा मला फार वाईट वाटतं. जे वर्गात मिळत नाही तेच तुमच्याजवळ आहे.

पैशाबाबत मी कडकच आहे. फ्लॅट गहाण टाकू नका, पीएफला हात लावू नका, जामीन राहू नका. पहिला नमुना कॉलेजच्या लॅबमध्ये होतो. पुढची सोय हवी असेल तर चिंचवडचं ऑटो क्लस्टर आहे, तिथे रॅपिड प्रोटोटायपिंगपासून चाचण्यांपर्यंत व्यवस्था आहे. आणि "पेटंट फाइल केलंय" ऐकून हुरळून जाऊ नका. अर्ज दाखल होणं वेगळं, पेटंट मंजूर होणं वेगळं, आणि त्यावर कोणी ऑर्डर देणं त्याहून वेगळं. तुम्ही एवढंच विचारा: याचे पैसे कोण देणार, आणि त्याच्याशी तू बोललास का?

उधारीचंही घरातच शिकवा. स्वीकारलेल्या मालाचे पैसे छोट्या उद्योगाला जास्तीत जास्त 45 दिवसांत मिळायला हवेत, असं 2006 चा एमएसएमई कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बिल कसं लोंबकळतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. मोफत होणारी उद्यम नोंदणी, चलनावरची सही, पर्चेस ऑर्डरची तारीख या गोष्टींना मुलं किरकोळ समजतात. धंदा बसतो तो बहुधा इथेच.

मुलींच्या पालकांशी थोडं वेगळं बोलायचंय. मुलाला चाकणला वर्कशॉपमध्ये पाठवता आणि मुलीला "तू डॉक्युमेंटेशन कर" म्हणता, हे मी दरवर्षी बघते. तिच्या ग्रुपमधली मुलं शॉपफ्लोअर बघून येतात आणि ती त्यांच्या पीपीटीचे रंग ठरवत बसते. तिलाही सेफ्टी शूज घेऊन द्या. पहिल्या दिवशी हवं तर सोबत जा.

आणि नोकरीचं म्हणाल, तर प्लेसमेंटला बसू द्या की. तिथे बसल्याने स्टार्टअप मोडत नाही. शेवटच्या वर्षाअखेरपर्यंत पैसे देणारं एकही गिऱ्हाईक मिळालं नाही, तर नोकरी धरायची, असं दोघांनी मिळून आत्ताच ठरवा. ते वर्ष वाया गेलं असं मात्र कृपा करून म्हणू नका. वर्कशॉपमध्ये जाऊन नकार ऐकून आलेलं पोर मुलाखतीत कसं बोलतं ते मी पाहिलंय.

आपल्याकडे बहुतेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, कॉलेजला रविवारी. म्हणजे मुलं मोकळी असतात त्या दिवशी भोसरीतली मशीन चालू असतात. या रविवारसाठी एखाद्या ओळखीच्या शेडमालकाला फोन करून बघा. सकाळी पहिल्या पाळीत जा, आणि तिथे मुलाला किंवा मुलीला बोलू द्या. तुम्ही जरा मागे उभे राहा.