प्रवासवर्णनातील विशेषणे : चिडाच्या वनातील एक वाट

मागील घटकात आपण प्रवासवर्णनाचे स्वरूप पाहिले. प्रवासवर्णनाची भाषा तपासताना आपले लक्ष सहसा उपमा-उत्प्रेक्षांकडे जाते. येथे त्याहून साध्या गोष्टीचा, म्हणजे विशेषणांचा, विचार करावयाचा आहे. उदाहरण माझ्याच वहीतले घेतो. सदोष वाक्य दुसऱ्याचे दाखवण्यापेक्षा ते बरे.

उत्तराखंडातील अल्मोड्याहून बिनसरच्या दिशेने डोंगरवाट चढून गेल्यावर, मुक्कामी पोचताच मी लिहिले होते : 'घनदाट, अस्पर्श आणि निसर्गरम्य अशा पाइनच्या अरण्यातून वाट जाते.' वाक्य वाचताना कोठेही खटकत नाही. दुसऱ्या दिवशी तीच वाट उतरताना मात्र ते टिकले नाही.

'घनदाट' पाहा. चिडाचे वन घनदाट नसते. उंच खोडांमधून ऊन थेट जमिनीवर उतरते, झुडपे विरळ असतात आणि जमीन वाळलेल्या सुयांसारख्या पानांनी झाकलेली असते. या थराला कुमाउनी भाषेत 'पिरूल' म्हणतात. उतारावर त्यावरून पाय सटकतो. मी दोनदा घसरलो. 'घनदाट' हा शब्द मी सह्याद्रीतून सोबत नेला होता, डोळ्यांनी पाहिला नव्हता.

'अस्पर्श' हे विशेषण तर उघड असत्य होते. वाटेच्या कडेला जुन्या तोडीचे खुंट होते. उभ्या झाडांच्या खोडांवर कुऱ्हाडीने घेतलेल्या खाचांचे व्रण होते. या खाचांतून 'लीसा' नावाचा चीक गोळा करतात. त्यापासून टर्पेंटाइन आणि राळ मिळते. इंग्रजी अमदानीत चिडाच्या लाकडावर रासायनिक प्रक्रिया करून रेल्वेचे स्लीपरही केले गेले. 1911 ते 1917 या काळात कुमाऊंमधील विस्तीर्ण जंगले राखीव ठरवली गेली आणि गावकऱ्यांच्या चराईवर व सरपणावर बंधने आली. 1921 मध्ये लोकांनी या राखीव जंगलांना ठिकठिकाणी आगी लावल्या. स्वातंत्र्यानंतरही ठेकेदारांची तोड चालूच राहिली. 1973 पासूनचे चिपको आंदोलन आपणास ठाऊक आहेच. त्यानंतर 1981 मध्ये या पहाडी भागात 1000 मीटरहून अधिक उंचीवरील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली. म्हणजे मी ज्याला अस्पर्श म्हटले, त्या वनाला कुऱ्हाड, कायदा आणि आग या तिन्हींचा स्पर्श झालेला होता. एका विशेषणाने हा सारा इतिहास पुसला गेला, आणि त्याबरोबर तेथे राहणारी माणसेही.

'निसर्गरम्य' खोटे नाही, पण ते कोणाच्या नजरेचे आहे हे सांगत नाही. उन्हाळ्यात वाळलेले पिरूल झपाट्याने पेट घेते. जून 2024 मध्ये बिनसर अभयारण्यातील वणव्यात वनकर्मचाऱ्यांचे प्राण गेले. ती बातमी वाचल्यानंतर वहीतील तो शब्द मला पुन्हा वाचवला नाही.

विशेषणांवरून थोडे नामाकडे वळू. 'पाइन' लिहिण्यात चूक नाही, मराठीत तो रुळला आहे. ('चीड' लिहिले तर मराठी वाचकाला प्रथम संताप आठवतो, ही अडचण खरीच.) पण संस्कृतात या वृक्षाला 'सरल' म्हणतात. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त, हत्तींनी अंग घासल्यामुळे सरल वृक्षांतून पाझरणाऱ्या चिकाच्या गंधाचा उल्लेख आहे. आपला 'सरळ' हा शब्द याच 'सरल'पासून आला. सरळ खोडामुळे या वृक्षाला नाव मिळाले आणि त्याच सरळपणामुळे त्यावर कुऱ्हाड पडली. अल्मोड्याकडील अनेक चिडांच्या खोडांना दोरासारखा पीळ असतो. पिढ्यान्‌पिढ्या सरळ झाडे आधी तोडली गेली आणि पिळाच्या झाडांचे बी मागे उरले, असे त्याचे एक कारण सुचवले जाते. उतरताना अशा एका खोडावर मी हात ठेवून पाहिला. साल तिरकी चढत गेली होती. वहीत मी नंतर एवढेच लिहिले : 'सरल वृक्ष, पीळ पडलेला.' येथेही विशेषण आहेच, पण ते हाताला लागलेले आहे.

स्वयं-अध्ययन : आपल्या परिचयाच्या एखाद्या टेकडीचे, राईचे किंवा माळाचे दहा ओळींत वर्णन करा. त्यातील प्रत्येक विशेषणाखाली रेघ ओढा आणि ते कशावरून लिहिले, हे समासात नोंदवा. जेथे नोंदवण्यासारखे काही सापडणार नाही, ते विशेषण खोडून वाक्य पुन्हा लिहा.